साडेचार अब्ज वर्षांचे लोखंड आणि चार महिन्यांचा पाऊस

सटाणा ते नाशिक हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. या ९० किलोमीटरवर सूर्यमालेचे सगळे वय पसरू: ४५६ कोटी ७० लाख वर्षे. सटाण्याच्या स्थानकातून गाडी हलली तो सूर्यमालेचा जन्म आणि नाशिकला थांबली तो आजचा दिवस. या मापाने एक किलोमीटर म्हणजे पाच कोटींहून थोडी जास्त वर्षे, एक मीटर म्हणजे पन्नास हजार आणि एक मिलिमीटर म्हणजे एक्कावन्न.

साल्हेर, मुल्हेर, मांगीतुंगी, सगळा बागलाण ज्या काळ्या कातळावर उभा आहे, त्याचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. आपल्या रस्त्यावर ही घटना नाशिकच्या थांब्याच्या फक्त १३०० मीटर अलीकडे घडते. त्याआधीच्या ८८ किलोमीटरांत साल्हेरचा पत्ताही नाही. लोणारचे विवर ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचे मानले तर ते थांब्यापासून ११ मीटरवर येते. साल्हेरची १६७२ ची लढाई ७ मिलिमीटरवर. देवमामलेदार यशवंतराव महाराजांनी १८७०-७१ च्या दुष्काळात सटाण्याचा सरकारी खजिना लोकांसाठी रिता केला, ते ३ मिलिमीटरवर. आणि एक पावसाळा, जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा? ०.००६६ मिलिमीटर. डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा.

आता रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. गाडी स्थानकाच्या आवारातून धड बाहेरही पडलेली नाही. पहिल्या २० ते ६० मीटरमध्ये, म्हणजे पहिल्या १० ते ३० लाख वर्षांत, काही लघुग्रह आतून वितळले आणि त्यांच्यातले जड लोखंड व निकेल मध्यभागी गोळा झाले. बाहेर दगडाचे जाड कवच असल्यामुळे ते निवायला फार वेळ लागला. अनेक लोखंडी उल्कांसाठी शास्त्रज्ञांनी काढलेला वेग दहा लाख वर्षांत १० ते १०० अंश सेल्सिअस इतका आहे. म्हणजे एक अंश उतरायला दहा हजार ते एक लाख वर्षे. ७०० अंशांवरून ४०० वर यायला ३० लाख ते ३ कोटी वर्षे. या संथपणामुळे कमी निकेलचा आणि जास्त निकेलचा असे दोन मिश्रधातू एकमेकांत पट्ट्यापट्ट्यांनी वाढले. लोखंडी उल्का कापून, घासून, आम्ल लावले की ही तिरकी नक्षी उमटते. तिला विडमनस्टेटन नक्षी म्हणतात. माणसाच्या कोणत्याही भट्टीत ती या आकाराची बनत नाही, कारण तितका वेळ कोणाकडेच नाही.

हे लोखंड नंतर कोट्यवधी वर्षे अवकाशात फिरते. तिथे हवा नाही, ओल नाही. ते जसेच्या तसे राहते. मग कधीतरी ते पृथ्वीवर पडते, आणि केसाच्या दहाव्या हिश्शाइतक्या काळात त्याचा नाश सुरू होऊ शकतो. त्याचे कारण म्हणून शंभरहून जास्त वर्षे एका खनिजाचे नाव घेतले जात होते: लॉरेन्साइट.

रसायनाच्या भाषेत लॉरेन्साइट म्हणजे फेरस क्लोराइड. लोखंडाच्या एका अणूमागे क्लोरीनचे दोन अणू. वजनाने पाहिले तर त्यात ४४ टक्के लोखंड आणि ५६ टक्के क्लोरीन. घनता पाण्याच्या ३.१६ पट. शुद्ध असेल तर पांढुरके, निसर्गात हिरवट किंवा तपकिरी. आत क्लोरीन, लोखंड, क्लोरीन असे पातळ थर असतात आणि एक थर दुसऱ्याला सैलच धरून असतो, म्हणून ते मऊ. वितळायला ६७७ अंश लागतात, तेव्हा कोरड्या जागी ते चांगले टिकाऊ आहे. पाण्यापुढे मात्र त्याचे काही चालत नाही. ते हवेतली ओल ओढून घेते आणि त्याच ओलीत विरघळते. १०० मिलिलिटर पाण्यात ६० ग्रॅमहून अधिक. संग्रहालयातल्या एखाद्या लोखंडी उल्केवर दमट दिवसांत पिवळट-तपकिरी थेंब उभे राहतात, ती पाझरू लागते, आणि काही वर्षांत तिचे पापुद्रे सुटून भुगा होतो. या दुखण्याला इंग्रजीत लॉरेन्साइटचा रोग असेच नाव पडले.

एक ग्रॅम लॉरेन्साइट घेतले तर त्यात लोखंडाचे किती अणू? ४७५ आणि त्यापुढे १९ शून्ये. क्लोरीनचे त्याच्या दुप्पट. हा आकडा अवाढव्य आहे, पण खरे आश्चर्य पुढच्या हिशेबात आहे. फेरस क्लोराइडचे चार रेणू, प्राणवायूचा एक आणि पाण्याचे सहा एकत्र आले की गंजाचे चार रेणू तयार होतात आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे आठ. हे आठ रेणू शेजारच्या कोऱ्या लोखंडाचे चार अणू खातात आणि त्यातून पुन्हा फेरस क्लोराइडचे चार रेणू उभे राहतात. म्हणजे जितके होते तितकेच. क्लोरीन कुठेही खर्च झाला नाही. लोखंड गेले, पाणी आणि प्राणवायू गेले, क्लोरीन मात्र पुढच्या फेरीला तयार.

एक ग्रॅम क्लोरीन एका फेरीत ०.७९ ग्रॅम लोखंड गिळतो. दहा फेऱ्यांत आठ ग्रॅमच्या आसपास, शंभर फेऱ्यांत ७९ ग्रॅम. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात थोडा क्लोरीन प्रत्येक वेळी गंजातच अडकून पडतो. तरीही चिमूटभर क्लोरीनने मुठीएवढे लोखंड संपते, ते याच वाटेने. शिवाय एक घन सेंटिमीटर लोखंडाचा गंज झाला की तो तीन ते साडेतीन घन सेंटिमीटर जागा मागतो. भेगेच्या आत बसलेला गंज फुगतो, भेग रुंदावतो, ओल आणखी खोल शिरते. ३० लाख वर्षांत विणली गेलेली नक्षी पट्टीपट्टीने उकलत जाते.

या खनिजाच्या नावातले लॉरेन्स म्हणजे जॉन लॉरेन्स स्मिथ, १८१८ ते १८८३. जन्म अमेरिकेतल्या चार्ल्स्टनचा, पेशा रसायनशास्त्राचा. ऑटोमन सरकारला कापूस शेतीबद्दल सल्ला द्यायला तुर्कस्तानात गेला आणि तिथे एमरीच्या खाणींचा शोध लावून आला. उल्कांचा त्याचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर हार्वर्डला गेला. टेनेसीतल्या टॅझवेल इथल्या लोखंडी उल्केत त्याने १८५० च्या दशकात लोखंडाचा क्लोराइड नोंदवला. १८७७ मध्ये फ्रेंच भूशास्त्रज्ञ ऑगस्त दोब्रे याने त्याच्या सन्मानार्थ खनिजाला लॉरेन्साइट हे नाव दिले.

दोब्रे तेव्हा ग्रीनलँडच्या डिस्को बेटावरच्या ओविफाक इथले लोखंड तपासत होता. १८७० मध्ये स्वीडिश संशोधक नॉर्डनशेल्ड याला तिथल्या किनाऱ्यावर लोखंडाचे मोठमोठे धोंडे सापडले होते. सर्वांत मोठ्या धोंड्याचे वजन २० टनांहून जास्त. त्याने ते उल्का समजले, आणि त्यात नवल नव्हते. पण ते आकाशातून आलेले नव्हतेच. डिस्को बेट बेसाल्टचे आहे, आपल्या दख्खनच्या कातळासारखेच आणि वयानेही जवळपासचे, सुमारे सहा कोटी वर्षांचे. तिथला लाव्हा वर येताना कोळसा आणि कार्बनयुक्त शेल यांच्या थरांतून गेला, कार्बनने त्यातला प्राणवायू ओढून घेतला आणि लाव्ह्यातच धातूरूप लोखंड सुटे झाले. दख्खनच्या लाव्ह्याने पाच लाख चौरस किलोमीटर भूमी झाकली, तरी साल्हेरच्या कड्यात असे लोखंडाचे धोंडे मिळत नाहीत. ओविफाकचे लोखंड युरोपात नेल्यावर त्याचेही तेच झाले: पाझर, पापुद्रे, भुगा. ज्या लोखंडाचा अवकाशाशी संबंध नव्हता त्यालाही हा रोग जडला, हे मला या गोष्टीतले सर्वांत बोलके सत्य वाटते. क्लोरीन आकाशातून आला असेल की इथलाच, हा प्रश्न तेव्हाच समोर उभा होता.

उत्तर यायला १९८९ साल उजाडले. डेन्मार्कचे वाग्न बुखवाल्ड आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे रॉय क्लार्क यांनी अंटार्क्टिकाच्या बर्फातून आणलेल्या उल्का बारकाईने तपासल्या. गंजाच्या आघाडीवर, कोऱ्या लोखंडाला लागून, त्यांना लॉरेन्साइट मिळाले नाही. मिळाले ते अकागानेआइट, जपानच्या आकागाने खाणीवरून नाव पडलेले लोह-ऑक्सिहायड्रॉक्साइड. त्याच्या स्फटिकात अरुंद बोगदे असतात आणि त्या बोगद्यांत क्लोरीन बसलेला असतो. जुना गंज हळूहळू रूप बदलतो तसा हा क्लोरीन सुटतो आणि कोऱ्या धातूवर चालून जातो. आणि हा क्लोरीन पृथ्वीचा होता. समुद्रावरून उडालेले मीठ वाऱ्याबरोबर बर्फावर उतरते, तिथून उल्केत शिरते. उल्केने रोग बरोबर आणला नव्हता. तो तिला इथे लागला.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतो. एका फेरीत १५ ग्रॅम लोखंड खाण्याइतका. सटाण्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि आपला मान्सूनचा वारा तिथूनच येतो. माणसाच्या घामातही लिटरमागे एक-दोन ग्रॅम क्लोराइड असतो. उघड्या हाताने उल्का कुरवाळणारा माणूस प्रेमाने तेच विष तिला लावत असतो.

अवकाशात क्लोराइडची खनिजे नसतातच असे नाही. २२ मार्च १९९८ ला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात मोनाहान्स इथे खेळणाऱ्या मुलांजवळ एक दगड पडला. दोन दिवसांच्या आत तो ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत पोहोचला. फोडल्यावर आत जांभळट स्फटिक दिसले: साधे मीठ, सोडियम क्लोराइड, सूर्यमालेच्या अगदी पहिल्या काळातले, आणि त्याच्या पोटात पाण्याचे सूक्ष्म थेंब. साडेचार अब्ज वर्षे टिकलेले हे मीठ एका पावसात वाहून गेले असते.

एका पावसात असे काय काय वाहून जाते, त्याचा अंदाज बांधता येतो. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या जेफ्री इव्हॅट यांच्या गटाने अंटार्क्टिकात उल्का मोजून २०२० मध्ये एक आकडा दिला: ५० ग्रॅमहून जड अशा सुमारे १७,६०० उल्का दरवर्षी पृथ्वीवर पडतात. पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचा ३ लाख ७ हजार. सरळ त्रैराशिक मांडले तर महाराष्ट्रात दरवर्षी दहाच्या वर उल्का पडतात. नाशिक जिल्ह्याचे क्षेत्र साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर धरले तर जिल्ह्यात दर दोन वर्षांना एक. साल्हेरचा लाव्हा निवल्यापासून हाच दर धरला, तर आजच्या नाशिक जिल्ह्याएवढ्या भूमीवर साडेतीन कोटी उल्का पडून गेल्या आणि महाराष्ट्राएवढ्या भूमीवर ७० कोटी. आपल्या हातात आहेत त्या बोटांवर मोजण्याइतक्या. काही दऱ्याखोऱ्यांत, काही नदीत, काही काळ्या मातीखाली. आणि बाकीच्या सगळ्या पाणी, प्राणवायू आणि क्लोरीन यांनी मातीत मिळवल्या.

हातात आलेल्यांपैकी दोन आपल्या खानदेशातल्या आहेत. २९ जून १८४३ रोजी एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळ, मानेगावात एक दगड पडला. त्यातले जपून राहिले ते पन्नास ग्रॅमही नाही. पण ते डायोजेनाइट जातीचे आहे, आणि या जातीचे दगड वेस्टा या लघुग्रहाचे तुकडे मानले जातात. वेस्टाचा व्यास ५२५ किलोमीटर, सूर्यापासूनचे सरासरी अंतर ३५ कोटी किलोमीटर. नासाचे डॉन यान २०११-१२ मध्ये तिच्याभोवती फिरले, त्याच्या १६८ वर्षे आधी तिचा तुकडा तापीच्या खोऱ्यात येऊन पडला होता. तोही ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. पण डायोजेनाइटमध्ये धातूरूप लोखंड जवळपास नसते. खायला काही नसल्यावर क्लोरीन तरी काय करणार? दुसरी उल्का भागूरची, धुळ्याजवळची, नोव्हेंबर १८७७ मधली. ज्या वर्षी दोब्रेने पॅरिसमध्ये लॉरेन्साइटला नाव दिले त्याच वर्षाची. ती पाऊस सरल्यावर पडली, म्हणून बरे.

पुढे १८७९ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या कळंबीला एच गटाची उल्का पडली; या गटात वजनाच्या पंधरा-वीस टक्के धातू असतो, म्हणजे गंजायला भरपूर. आणि २२ मे २०१२ च्या भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला दगडांचा वर्षाव झाला, सगळे मिळून सुमारे १३ किलो. विदर्भातला मे महिना, मृगाला अजून दोन आठवडे. लोकांनी तुकडे लगेच वेचले, ते कोरडेच प्रयोगशाळांत गेले. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी त्यातल्या वितळलेल्या शिरांमध्ये ब्रिजमनाइट शोधले, जे खनिज पृथ्वीच्या पोटात साडेसहाशे किलोमीटरहून खोल, प्रचंड दाबाखाली असते. निबंध २०२१ मध्ये आला. अवकाशातल्या एका टकरीने क्षणभर निर्माण केलेला तो दाब काटोलच्या तुकड्यांत नोंदून राहिला आणि आपल्याला वाचता आला.

क्लोरीनची ही कथा पृथ्वीपुरती थांबत नाही. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ च्या जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक यांनी चंद्रावरून आणलेल्या खडकांत एक गंजलेला निघाला. क्रमांक ६६०९५, वजन १ किलो १८५ ग्रॅम. चंद्रावर हवा नाही, मग गंज कुठला? त्यात अकागानेआइट सापडले. अनेक शास्त्रज्ञांनी त्याचा अर्थ असा लावला की चंद्रावर खरोखरच लॉरेन्साइट होते आणि वाटेत किंवा इथे आल्यावर पृथ्वीच्या ओलीने त्याचा गंज केला. उल्केतल्या लॉरेन्साइटवरचा आरोप मागे पडला आणि चंद्रावरच्या लॉरेन्साइटची शक्यता पुढे आली. क्युरिऑसिटी बग्गीने मंगळावर गेल विवरात खडक कोरला, त्याच्या भुकटीतही अकागानेआइट मिळाले. म्हणजे तिथे कधीकाळी लोखंड, क्लोरीन आणि पाणी एका जागी होते.

मानेगावचा दगड पडल्यानंतर बरोबर वीस दिवसांनी, १९ जुलै १८४३ रोजी, इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला एसएस ग्रेट ब्रिटन हे लोखंडी जहाज पाण्यात उतरले. पुढे ते फॉकलंड बेटांजवळ अनेक दशके खाऱ्या पाण्यात पडून होते. १९७० मध्ये परत आणले. त्याच्या तळाच्या पत्र्यात समुद्राचा क्लोरीन इतका मुरला होता की तो धुऊन काढणे अशक्य. तेव्हा कार्डिफच्या संशोधकांनी मोजमापे घेतली: फेरस क्लोराइड असलेले लोखंड किती ओलीत गंजायचे थांबते? उत्तर आले, हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास आणल्यावर. आज त्या जहाजाचा तळ काचेच्या छताखाली वाळवंटासारख्या कोरड्या हवेत ठेवला आहे आणि ती हवा यंत्रे रात्रंदिवस सुकवतात. पावसाळ्यात आपल्याकडची आर्द्रता ८० च्या वर जाते, चौपट. किल्ल्यांवर उघड्यावर पडलेल्या लोखंडी तोफांचा विचार केला की हा आकडा जिवाला लागतो.

बागलाणात उन्हाळ कांदा निघाल्यावर, एप्रिल-मेमध्ये, रानं मोकळी असतात. काळा, आकारमानाच्या मानाने फार जड, अंगठ्याने दाबल्यासारखे उथळ खळगे असलेला आणि बाहेरून पातळ काळी साल असलेला दगड दिसला तर तो पाण्याने धुऊ नये, उघड्या हाताने चोळू नये, फोडू तर मुळीच नये. सापडल्या जागेचा फोटो घ्यावा, दगड कोरड्या कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे. चुंबक चिकटला एवढ्यावर उल्का ठरवू नये. आपला काळा कातळही थोडाफार चुंबक ओढतो. बहुतेक वेळा तो कातळच निघेल. पण हिशेबाने जिल्ह्यात दोन वर्षांना एक खरा पडतो, आणि तो मृगाआधी उचललेला बरा.